तुमचे प्रश्न: लोण्याची गाय, निळी फीत आणि अमेरिकेतलं स्टेट फेअर

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की ऑगस्ट आला की आमच्या आयोवातली माणसं लग्नाची तारीखसुद्धा स्टेट फेअर, म्हणजे राज्याची शेती-जनावरांची वार्षिक जत्रा, बघून काढतात, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय. बाकीच्यांनी रागावू नका, व्हिसाचे आणि इन्शुरन्सचे प्रश्न पुढच्या महिन्यात.

मुलाकडे मिनेसोटात आलोय. सगळे म्हणतात स्टेट फेअरला चला. ही जत्राच ना? मग देव कुठला हो हिचा? – एक आजोबा

काका, देव नाही, पण मेंढ्या आहेत! खरंच सांगते. १८०७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एल्काना वॉटसन नावाचे गृहस्थ होते, धंदापाणी करून झाल्यावर शेतीकडे वळलेले, त्यांनी मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या आणल्या आणि गावच्या चौकात एल्मच्या झाडाखाली लोकांना बघायला बांधून ठेवल्या. मेरिनोची लोकर एकदम तलम, आसपासच्या शेतकऱ्यांनी तशी कधी हातात धरलेली नव्हती, त्यामुळे जो तो येऊन लोकरीत बोटं घालून बघायला लागला. वॉटसनने हिशोब केला की दोन मेंढ्यांना एवढी गर्दी होते तर गावातली सगळी चांगली जनावरं एका जागी आणली तर काय होईल. १८१० ला त्याने गुरांचं प्रदर्शन भरवलं, १८११ ला बर्कशायर अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी उभी राहिली, चांगल्या जनावराला बक्षीस, मग बायकांनी घरी विणलेल्या कापडालाही बक्षीस, आणि ही कल्पना बघता बघता इतर गावांनी उचलली.

पण ते सगळं तालुका-जिल्हा पातळीवर म्हणा. राज्याचं म्हणून पहिलं फेअर न्यूयॉर्कचं, १८४१ च्या सप्टेंबरअखेर सिरॅक्यूजला, दोन दिवसांचं. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने ८,००० डॉलर मंजूर केले होते आणि दहा ते पंधरा हजार माणूस आलं असा तेव्हाचा अंदाज आहे. नांगरणीची स्पर्धा, जनावरं, अवजारं, भाषणं, झालं. पुढे जवळपास पन्नास वर्षं हे फेअर दरवर्षी गाव बदलत फिरायचं, सिरॅक्यूजला कायमचं बस्तान बसलं ते १८९० मध्ये. मग बाकीची राज्यं रांगेत आली, मिशिगन १८४९, ओहायो १८५०, विस्कॉन्सिन १८५१, आमचं आयोवा १८५४, आणि तुम्ही आहात त्या मिनेसोटाचं १८५९, म्हणजे राज्य झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. तिथलं हल्लीचं मैदान १८८५ पासूनचं, आधी ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गरिबांसाठी चालवलेल्या शेताची जागा होती. बारा दिवस चालतं, लेबर डेला म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतं, आणि २०१९ मध्ये २१ लाखांवर लोक गेले होते, तेव्हा मुलाला म्हणावं गाडी थेट मैदानापर्यंत नेऊ नकोस, लांब लावून पार्क अँड राइडच्या बसने चला.

आणि हो, जायचं ते सकाळी आठला आणि सरळ जनावरांच्या शेडमध्ये. पाळणे आणि तळण रात्रीपर्यंत तिथेच असतात, कुठे जात नाहीत.

स्टेट फेअर सरकार चालवतं का? आणि प्रत्येक राज्यात असतंच का?

एकसारखं नाहीये. काही ठिकाणी राज्याचं खातं किंवा मंडळ, काही ठिकाणी वेगळी संस्था. टेक्सासचं फेअर खाजगी ना-नफा संस्थेचं, मिनेसोटात स्टेट अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी चालवते. मिशिगनने २००९ नंतर पैसे बंद केले आणि १८४९ पासूनचं फेअर तिथेच थांबलं, आता नोव्हाय गावात भरतं ते खाजगी. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य कोपऱ्यातल्या, सहा राज्यांनी मिळून एकच मोठं धरलंय, मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट स्प्रिंगफील्डला, तिथे सहाही राज्यांच्या जुन्या विधानभवनांच्या प्रतिकृती एका रस्त्यावर ओळीने उभ्या आहेत आणि गंमत म्हणजे ज्या त्या इमारतीखालची जमीन त्या त्या राज्याच्या मालकीची आहे. आणि पेनसिल्व्हेनियावाले त्यांचा फार्म शो चक्क जानेवारीत भरवतात, हॅरिसबर्गला, छपराखाली. बाहेर बर्फ आणि आत गायी.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, शाळेतल्या मैत्रिणींमुळे फोर-एचमध्ये गेलीय आणि आता म्हणते मला फेअरमध्ये बकरी दाखवायची आहे. नंतर ते प्राणी विकतात असं ऐकलं, मला तर पोटात गोळाच आला. निळी रिबन, लाल रिबन हेही काही कळत नाही. काय करू ताई?

आधी गोळ्याचं बोलू, रिबन नंतर.

फोर-एच म्हणजे डोकं, मन, हात आणि आरोग्य, इंग्रजीत चारही एचवरून. १९०२ मध्ये ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा बघणाऱ्या अधिकाऱ्याने मुलांचा क्लब काढला, मुलांनी मका लावायचा, माती तपासायची वगैरे. त्यामागे एक गोम होती, म्हातारे शेतकरी कॉलेजातल्या शास्त्रज्ञाचं ऐकायचे नाहीत, पण आपल्याच पोराच्या वाफ्यात मका जास्त आला की गप्प बघत बसायचे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने शेतकी विस्तार सेवेला केंद्राचा पैसा मिळाला आणि हे क्लब देशभर पसरले. म्हणजे मुलांना प्राणी गोड वाटावेत म्हणून हे सुरू झालं नाही, हा शेतीचा वर्ग आहे. आणि शेतीत जनावर शेवटी कुठे जातं ते त्यात येतंच.

तर प्रश्न तुम्ही नोंदणीच्या आधी विचारायचा, की हा वर्ग कशाचा आहे. मार्केट वर्ग असेल, म्हणजे मांसासाठीचा गोऱ्हा, डुक्कर, मेंढरू, बोअर जातीसारखी मांसाची बकरी, तर बऱ्याच फेअरमध्ये शेवटी लिलाव असतो आणि जनावर तिथूनच ट्रकमध्ये जातं. मी एका वर्षी लिलावाच्या बाहेर उभी होते, एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, गोऱ्ह्याची म्होरकी हातात घट्ट धरून, आणि त्याचा बाप शेजारी, एक शब्द बोलत नव्हता, फक्त मधूनमधून गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवत होता. नाव पुकारलं तसा मुलगा आत गेला, रिंगमध्ये ताठ चालला, बाहेर आला आणि मग रडला. ते पैसे बहुतेक मुलं कॉलेजसाठी ठेवतात. कुणाला हे क्रूर वाटतं, मला तरी आपण पॅकेटमधलं आणून फ्रीजमध्ये ठेवतो त्यापेक्षा प्रामाणिक वाटतं, पण दहा वर्षांच्या पोरीला ते झेपेल का हे तुम्हीच ठरवा.

दुसरा रस्ता आहे ना, दुभती बकरी घ्या. डेअरी वर्गातल्या बकऱ्या दाखवून झाल्या की घरी परत येतात. तिथे जज कास बघतो, पाठीची रेघ, पाय कसे टाकते, आणि मग माइकवर सगळ्यांसमोर कारणं सांगतो, पहिली का पहिली आणि दुसरी का दुसरी. हे कारणं सांगणं ऐकाच, मला संपूर्ण फेअरमधला तो सगळ्यात आवडता भाग आहे. शोमनशिप नावाचा वर्गही असतो, त्यात बकरीपेक्षा मुलीला जोखतात, जनावर शांत ठेवते का, जज कुठे उभा आहे याकडे लक्ष आहे का, बकरीबद्दल विचारलं तर उत्तर येतं का. त्यासाठी आतापासून रोज दहा मिनिटं चालवायला घ्या, पहिल्या दिवशी बकरीच तिला चालवेल ते वेगळं.

रिबनचं असं की अमेरिकेत निळी पहिली, लाल दुसरी, पांढरी तिसरी, आणि जांभळी चॅम्पियनला. ब्रिटनमध्ये लाल पहिली, म्हणून आपला कधीकधी घोळ होतो. त्यात फोर-एचमध्ये बऱ्याचदा डॅनिश पद्धत असते, म्हणजे एकमेकांशी तुलना नाही, ठरलेल्या दर्जाशी तुलना, त्यामुळे एका वर्गात पाच निळ्या फिती निघू शकतात आणि एकही न निघणं पण होऊ शकतं. तेव्हा लाल मिळाली तर तिला दुसरी आलीस म्हणून पेढे वाटू नका, आधी नियम वाचा.

लोण्याची गाय खरंच अख्खी लोण्याची असते का? मग एवढं लोणी वाया जातं त्याचं काय?

अख्खी नाही. आत लाकूड, लोखंड आणि जाळीचा सांगाडा असतो, त्यावर लोणी थापतात. आमच्या आयोवाच्या गायीला साधारण ६०० पौंड लोणी लागतं, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास, साडेपाच फूट उंच नि आठ फूट लांब. कूलरमध्ये, म्हणजे काचेच्या थंडगार खोलीत, ४० डिग्री फॅरनहाइटला (साधारण ४ सेल्सियस) कलाकार आत काम करतात, बाहेर आपण घामाने निथळत रांगेत उभे आणि आत बाई लोकरीच्या टोपीत! लोणी बादलीतून घेतात, हाताने मळून सांगाड्यावर दाबत दाबत चढवतात, मग बरगड्या, पोटावरच्या शिरा, कासेवरच्या घड्या असं कोरत जातात. जवळून बघितलं तर पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, बोटांचे ठसे दिसतात, मला तेच आवडतं. आणि वाया जात नाही हो, बरंचसं लोणी ठेवून देतात आणि वर्षानुवर्षं तेच परत वापरतात, दहा वर्षांपर्यंतसुद्धा, त्यामुळे खायचा विचार मनातही आणू नका.

ओहायोत लोण्याची गाय १९०३ पासून आहे, आयोवात १९११ पासून, पहिली जॉन डॅनियल्स या शिल्पकाराची. डेअरीवाल्यांची ती जाहिरातच होती. पण खरं नाव झालं ते नॉर्मा लायन यांचं, सगळे त्यांना डफी म्हणायचे. शिक्षण पशुविज्ञानाचं, घरी दुभती गुरं, आणि १९६० पासून २००५ पर्यंत दरवर्षी गाय त्यांनी केली, मध्ये मध्ये लोण्याचा गायक एल्व्हिस आणि लोण्याचं लास्ट सपर (येशूचं शेवटचं जेवण) पण. गोठ्यात वावरलेल्या बाईने केलेली गाय होती, त्यामुळे शेतकरी समोर उभे राहून जात ओळखायचे, ही जर्सी, ही ब्राउन स्विस. मिनेसोटात अजून निराळं, तिथे प्रिन्सेस के नावाने दुग्धव्यवसायाची एक राजकन्या निवडतात आणि तिचा चेहरा ९० पौंडांच्या लोण्याच्या ठोकळ्यात कोरतात, ती स्वतः स्वेटर घालून आत बसते, कूलर गोल फिरत असतो.

आमच्या घरी वाद झाला. मी म्हणतो पाळणे, खेळ, धिंगाणा हे नंतर घुसलं, मूळ फेअर फक्त शेतीचं. बायको म्हणते मजा पहिल्यापासून होती. कोण बरोबर?

वहिनी. म्हणजे कागदोपत्री तुम्ही, पण व्यवहारात वहिनी.

सुरुवातीपासून आयोजकांना गर्दी हवी असायची आणि गर्दी मक्याच्या कणसांनी जमत नाही. घोड्यांच्या शर्यती बघा, धार्मिक मंडळींना जुगार नको, मग त्याला घोड्यांची जात सुधारणं असं गोंडस नाव. आयोवाच्या पहिल्याच फेअरमध्ये, १८५४ ला, बायकांची घोडेस्वारी ठेवली होती आणि त्याचीच सगळीकडे चर्चा, बक्षीस भलत्याच बाईला मिळालं पण लोकांचं मन एका तेरा वर्षांच्या पोरीने जिंकलं आणि प्रेक्षकांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. मिनेसोटात १९०६ मध्ये डॅन पॅच नावाच्या घोड्याने एक मैल १ मिनिट ५५ सेकंदांत कापला, त्या घोड्याच्या नावाने तेव्हा काय काय विकलं जायचं!

मिडवे हा शब्द मात्र नंतरचा. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मिडवे प्लेझन्स नावाच्या पट्ट्यात करमणुकीचे तंबू होते आणि फेरिसचं पहिलं भलंमोठं चाक तिथेच उभं राहिलं. तिथून मिडवे हे नावच पडलं, फेअरमधल्या पाळण्या-खेळांच्या गल्लीला.

आणि धिंगाण्याचं म्हणाल तर रेल्वेची टक्कर ऐकलीत का? दोन जुनी वाफेची इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर सोडायची, ड्रायव्हर उडी मारून बाजूला, आणि धडाम. आयोवात १८९६ मध्ये हे केलं आणि पुन्हा १९३२ मध्ये, त्या वेळी एका इंजिनावर हूव्हर लिहिलेलं आणि दुसऱ्यावर रूझवेल्ट, त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले दोन उमेदवार ना. मंदीने खिसे रिकामे होते, तरी हे बघायला लोकांनी तिकीट काढलं. यात कुठली शेती आली, सांगा बरं.

पुढारी लोक फेअरला का येतात? टीव्हीवर दर चार वर्षांनी तेच, हातात पोर्क चॉप आणि कॅमेरा.

कारण आयोवात मतदार एकगठ्ठा तिथेच सापडतो. पण ही चाल जुनी आहे. ३० सप्टेंबर १८५९ ला अब्राहम लिंकन मिलवॉकीला विस्कॉन्सिनच्या फेअरमध्ये बोलले, अजून अध्यक्ष व्हायचे होते. भाषण मी वाचलंय, लांबलचक आहे, पण त्यात वाफेवर चालणाऱ्या नांगरावर इतका बारीक विचार केलाय की हसू येतं, पाणी किती वाहून न्यावं लागेल इथपर्यंत. मुद्दा असा की जास्त जमिनीपेक्षा आहे तीच जमीन नीट कसावी. आणि शेवटी त्या पूर्वेकडच्या राजाची गोष्ट, ज्याला कायम खरं ठरेल असं एक वाक्य हवं होतं, आणि शहाण्यांनी त्याला दिलं, हेही दिवस जातील.

दुसरा किस्सा थिओडोर रूझवेल्टचा. उपाध्यक्ष असताना २ सप्टेंबर १९०१ ला मिनेसोटाच्या फेअरमध्ये ते म्हणाले, मऊ बोला पण हातात मोठी काठी ठेवा. चार दिवसांनी अध्यक्ष मॅकिन्लींवर बफेलोत गोळीबार, तोही एका प्रदर्शनातच, आणि १४ तारखेला रूझवेल्ट अध्यक्ष.

स्टेट फेअर म्हणजे सगळ्यांचं असं म्हणतात. सगळ्यांना प्रवेश होता का खरंच? – कॉलेजला असलेली एक वाचक

नव्हता. चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर त्या रंगीत माहितीपत्रकांत सहसा नसतं. डॅलसचं टेक्सास स्टेट फेअर घे, १८८६ पासूनचं. तिथे कृष्णवर्णीयांसाठी एक दिवस वेगळा काढलेला असायचा, नीग्रो अचीव्हमेंट डे म्हणत त्याला. इतर दिवशी ते आत आले तरी राइड्स आणि खायच्या जागा त्यांना बंद, सगळ्या नसतील, पण पुरेशा. १९५५ मध्ये जुआनिता क्राफ्ट यांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या तरुण मुलांना घेऊन गेटवर निदर्शनं केली, की त्या एका दिवसाला जाऊच नका. मुलं म्हणजे तुझ्याच वयाची किंवा लहान. भिंती पूर्ण पडायला साठचं दशक उजाडावं लागलं. आज क्राफ्ट यांचं डॅलसमधलं घर जपून ठेवलंय, फेअरला जाशील तेव्हा तेही बघून ये, फार लांब नाही. फेअरमधला तो ५५ फुटी पुतळा, बिग टेक्स, त्याच्यासमोर फोटो सगळेच काढतात (तो आधी सांताक्लॉज होता, केरेन्स गावचा, १९५२ ला काउबॉय झाला आणि २०१२ ला जळाला, आता आहे तो नवा).

शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

भाजलेलं मक्याचं कणीस, लिंबू-साखर सरबत, फनेल केक म्हणजे आपल्या जिलेबीसारखं पीठ तेलात सोडून वर पिठीसाखर. चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे तळलेले तुकडे, पण छान, फक्त तेल वेगळं आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी त्याच कढईत कॉर्न डॉग जातो, आणि कॉर्न डॉग म्हणजे मक्याच्या पिठात बुडवलेलं सॉसेज, नावाला फसू नका. टेक्सासमध्ये २००९ ला तळलेल्या लोण्याला कल्पकतेचं बक्षीस मिळालं होतं. शाकाहारी आहे, म्हणून खा असं मी म्हणणार नाही.

दीड वर्षाच्या बाळाला घेऊन डुकरांच्या शेडमध्ये जावं का?

डुकरांच्या शेडमध्ये मी नेणार नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात डुकरांकडून माणसांत आलेल्या फ्लूचे ३०० वर रुग्ण सापडले होते आणि बहुतेक फेअरमध्ये डुकरांजवळ गेलेले, त्यातही लहान मुलं जास्त. पाच वर्षांखालच्यांनी, गरोदर बायकांनी, दमेकऱ्यांनी लांब राहावं असंच सांगतात. बाकी शेडमध्ये जा, पण दुधाची बाटली, चोखणी, खाऊ बाहेर, स्ट्रोलर पण बाहेर, आणि निघताना साबणाने हात, सॅनिटायझरवर भागवू नका. फेअरवाले पण या बाबतीत कडक असतात, २०१५ ला बर्ड फ्लू आला तेव्हा आयोवा आणि मिनेसोटा दोघांनी कोंबड्यांचं प्रदर्शनच रद्द केलं होतं, आणि मिनेसोटाचं अख्खं फेअर १९४६ मध्ये पोलिओमुळे नि २०२० मध्ये कोविडमुळे झालं नाही.

माझ्या आईचं लिंबाचं लोणचं स्पर्धेत देऊ का? सगळे म्हणतात नंबर येईल!

हे मी करून बसलेय म्हणून सांगते, नाही घेणार. बरणीबंद पदार्थांच्या विभागात नियम असा असतो की पाककृती तपासलेली हवी, बरणी ठरावीक वेळ उकळत्या पाण्यात किंवा प्रेशर कॅनरमध्ये ठेवलेली हवी, आणि वेळ किती ते लेबलवर लिहायचं. आपलं लोणचं उन्हात मुरलेलं. मी टेबलापाशी बरणी घेऊन गेले, तिथल्या आजीबाईंनी लेबल वाचलं, मला विचारलं किती मिनिटं उकळलं, मी म्हटलं तीन आठवडे उन्हात, तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी बरणी पिशवीत टाकून गुपचूप परत आले. (नंतर ते लोणचं गाडीतच नुसतं खाल्लं नवऱ्याने, पोळी पण नव्हती.)

पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरी जॅम दिला, सगळं पुस्तकाप्रमाणे, वर पाव इंच जागा सोडून. पांढरी फीत मिळाली. जजच्या कार्डावर लिहिलं होतं रंग छान, चव छान, झाकणाची कड चिकट. तेव्हा आईला सांगा जॅम किंवा चटणी द्या, नियमांचं पुस्तक आधी वाचा, एन्ट्रीची तारीख फेअरच्या बरीच आधी संपते ती चुकवू नका, आणि झाकण लावायच्या आधी कड ओल्या फडक्याने पुसा, दोनदा.